फुकटची फौंड्री की विकतचं सर्टिफिकेट? इंटर्नशिपबद्दल सल्ला हवा

वारणाकाठची
नमस्कार मंडळी. मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, कॉलेज सांगली जिल्ह्यात. उन्हाळ्याच्या सुट्टीत इंटर्नशिप करायची आहे, कॉलेजात तिचं सर्टिफिकेट द्यावं लागतं. पुढ्यात दोन पर्याय आहेत.

पहिला ऑनलाइन. फी भरायची, सहा आठवडे एआय-मशीन लर्निंगचे व्हिडिओ बघायचे, शेवटी एक प्रोजेक्ट करायचा, की क्यूआर कोडवालं सर्टिफिकेट मिळतं. वर्गातल्या बऱ्याच जणांनी पैसे भरलेसुद्धा. दुसरा पर्याय मामांच्या ओळखीतला. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एक फौंड्री (ओतकामाचा कारखाना) आहे. मानधन नाही, दुपारचं जेवण देतील.

घरी सगळ्यांचं एकच, 'मुलीचं फौंड्रीत काय काम?' मैत्रिणी म्हणतात, शेवटी आयटीतच जायचं तर मे महिन्यात भट्टीशेजारी कशाला उभी राहतेस. आयटीत जायचं हे माझं अजून ठरलेलं नाही, ही वेगळीच गोष्ट. इंटर्नशिपचा खरंच काही उपयोग होतो का? झाला असेल तर नेमका काय? शाखा कुठलीही असू दे, अनुभव सांगा.

टवाळ_पोर
म्हणजे काम करायचं तुम्ही आणि पैसे द्यायचे तेही तुम्हीच! धंदा भारी आहे. कुणाला पार्टनर हवा असेल तर मी तयार आहे, क्यूआर कोड मला बनवता येतो.

चिंटूचे_बाबा
पुण्यात एका आयटी कंपनीत आहे, फ्रेशर्सच्या मुलाखती घ्यायला बसतो. एकाच कॉलेजातून चाळीस बायोडेटा येतात, त्यातल्या पंचवीसांवर त्याच ऑनलाइन कंपनीचं नाव आणि तोच प्रोजेक्ट असतो. घराच्या किमतीचा अंदाज, नाहीतर टायटॅनिकवर कोण वाचलं याचा अंदाज. ते दोन डेटासेट (माहितीचे तयार संच) शिकायला चांगलेच आहेत आणि इंटरनेटवर फुकट मिळतात. पैसे कशाचे घेतात हे मला अजून कळलेलं नाही.

मी एकच प्रश्न विचारतो. तुम्ही होतात तिथे काय बिघडलं होतं, आणि मग काय केलं? व्हिडिओ पाहिलेली मुलं इथे गप्प होतात, कारण व्हिडिओत काही बिघडतच नाही. मागे एक मुलगा आला होता. काकांच्या कृषी सेवा केंद्रात त्याने बिलिंगचं सॉफ्टवेअर बसवून दिलं होतं. खताच्या गोणीचा हिशोब नगावर आणि बियाण्याचा किलोवर, त्यामुळे महिनाअखेरीला स्टॉक जुळत नव्हता. तो पंधरा मिनिटं त्यावरच बोलत होता. सर्टिफिकेट त्याच्याकडे नव्हतं आणि मी मागितलंही नाही.

लोणंदकर
मी कॉलेजात शिकवतो आणि प्लेसमेंटचं कामही माझ्याकडे आहे, म्हणून दुसरी बाजू सांगतो. एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या) इंटर्नशिप धोरणात इंजिनीअरिंगच्या पदवीसाठी चार वर्षांत मिळून ६०० ते ७०० तास आणि १४ ते २० क्रेडिट धरलेत. कागदावर हे उत्तम आहे. पण एका वर्गात साठ मुलं, वर्ग चार, आणि आमच्या परिसरात मुलांना उभं करून घेणारे कारखाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मग होतं असं की मार्च उजाडला की मुलं सर्टिफिकेटं शोधत फिरतात आणि आम्ही ती फाइलला लावतो. खोटं कुठलं हे आम्हाला दिसत नाही असं नाही. नाकारलं तर मुलाचं सत्र अडकतं आणि पालक दारात येतात.

विद्यार्थ्यांना माझं एकच सांगणं आहे. दैनंदिनी लिहा. आज काय पाहिलं, कुणाला काय विचारलं, काय कळलं नाही. रोज पाच ओळी पुरतात. नंतर व्हायव्हाला आणि मुलाखतीला तीच वही कामाला येते.

ऊसाचा_फड
सगळे शहाणपणा शिकवताहेत, एक प्रश्न कुणी विचारत नाही. मे महिन्यात फुकट काम करणं परवडतं कुणाला? माझे वडील रिक्षा चालवतात. दुसऱ्या वर्षी मला पुण्यात एका नावाजलेल्या ठिकाणी इंटर्नशिप मिळत होती, बिनपगारी. कॉट बेसिसवर राहणं, मेस, बस असा हिशोब मांडला आणि सोडून दिली. सुट्टीभर आमच्याच तालुक्यात ट्रॅक्टरच्या शोरूमला सर्व्हिसिंगला हेल्पर होतो, रोजावर. कॉलेजने ती इंटर्नशिप धरली नाही, कारण शोरूमला लेटरहेडवर 'इंटर्न' लिहून देणं माहीत नव्हतं.

चिंटूचे_बाबा
@ऊसाचा_फड, तो सर्व्हिसिंगचा अनुभव बायोडेटात आहे का तुमच्या?

ऊसाचा_फड
नाही. रोजंदारी होती ना ती.

चिंटूचे_बाबा
आज रात्री टाका. पहिल्या पानावर, वरती.

विदर्भवादळ
पंतप्रधान इंटर्नशिप योजना आहे की! सुरू झाली तेव्हा महिना ₹५,००० ठरले होते. तिथे अर्ज करा ना सगळ्यांनी.

लोणंदकर
@विदर्भवादळ, इथेच मुलं फसतात. ती योजना ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रायोगिक म्हणून सुरू झाली तेव्हाच्या अटींनुसार वय २१ ते २४ आणि पूर्णवेळ शिक्षण चालू नसलेल्यांनाच अर्ज करता येत होता. ₹५,००० पैकी ₹४,५०० सरकारचे, ₹५०० कंपनीचे, शिवाय एकदाच ₹६,०००. तेव्हाची मुदत बारा महिने. तिसऱ्या वर्षाच्या मुलीला ती चालत नाही.

आपल्या राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना तशीच. बारावीला ₹६,०००, आयटीआय-पदविकेला ₹८,०००, पदवीधराला ₹१०,००० असं विद्यावेतन ठरलं होतं, पण शिक्षण चालू असेल तर अपात्र. पदवीनंतर अप्रेंटिसशिप हा आणखी एक मार्ग आहे, कायदा १९६१ चा. २०१९ च्या सुधारित नियमांनी पदवीधराला किमान ₹९,००० विद्यावेतन ठरवलं. थोडक्यात, पैसे देणाऱ्या बहुतेक सरकारी योजना शिक्षण संपल्यावरच्या आहेत. शिकत असताना उन्हाळ्यात जे करायचं त्याला मालकाच्या मर्जीशिवाय आधार नाही. ऊसाचा_फड यांचा मुद्दा त्यामुळे अगदी बरोबर आहे आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

ज्वारीची_भाकरी
मी बी.एस्सी. ॲग्री, परभणीची. आमच्याकडे याला पर्यायच नसतो, शेवटच्या वर्षी एक सत्र गावात जाऊन काढावंच लागतं. मुलगे कृषिदूत, मुली कृषिकन्या. पेपरात तुम्ही फोटो पाहिलेच असतील, 'कृषिकन्यांनी दिले बोर्डो मिश्रणाचे प्रात्यक्षिक.' एक बादली, सहा मुली, मागे सरपंच आणि बॅनर. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी, हे बुरशीनाशकाचं प्रमाण मला झोपेतून उठवलं तरी सांगता येईल. गावातल्या द्राक्षवाल्याला ते आमच्या जन्माआधीपासून येत होतं. तो शांतपणे फोटोला उभा राहिला, चहा पाजला आणि गेला.

तेवढंच असतं तर मी इथे लिहिलं नसतं. जूनच्या सुरुवातीला आम्ही घरचं सोयाबीन बियाणं तपासून देत होतो. सोपं काम आहे. शंभर दाणे ओल्या गोणपाटात ओळीने मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, पाणी शिंपडत राहायचं आणि आठवड्याने मोड मोजायचे. सत्तर किंवा जास्त आले तर ठीक. एका काकांच्या बियाण्यात बासष्टच आले. त्यांचा विश्वास बसेना, पुन्हा लावायला लावलं, तरी तेवढेच. मग आम्ही वहीत त्रैराशिक मांडलं, एकरी ३० किलोऐवजी ३४ किलो पेरा. चार किलो जास्त म्हणजे त्यांच्यासाठी पैसेच होते, म्हणून त्यांनी मला विचारलं, 'पोरी, नक्की ना?'

तो प्रश्न मला परीक्षेत कधी कुणी विचारला नव्हता. चुकलं तर गुण जात नाहीत, शेत विरळ उगवतं. त्या रात्री मी पुस्तक काढून सगळं पुन्हा वाचलं. आज बियाणे कंपनीत गुणवत्ता विभागात आहे आणि अहवालावर सही करताना अजून तो आवाज ऐकू येतो. फोटोवाली प्रात्यक्षिकं बंद केली तरी चालतील माझ्या मते, गोणपाटवालं ठेवा.

टवाळ_पोर
सरपंच आणि बॅनर. 😂 आमच्या गावात बॅनर तोच असतो, फक्त वर्ष बदलतात.

खतावणी
सीए लोकांना हे सगळं वाचून हसू येतं. आमची आर्टिकलशिप (सीएच्या हाताखालची सक्तीची उमेदवारी) आधी तीन वर्षं होती, २०२३ च्या नव्या योजनेपासून दोन झाली. सहा आठवड्यांत काय शिकणार हा प्रश्नच नाही, दोन वर्षं प्रिन्सिपल (ज्यांच्या हाताखाली शिकतो ते सीए) काही सोडत नाहीत.

माझं पहिलं काम साखर कारखान्याच्या गोदामात स्टॉक ऑडिट. बँकेने साखरेच्या तारणावर कर्ज दिलेलं, रजिस्टरात लिहिलेली पोती खरोखर आहेत का ते बघायचं. पोती एकेक मोजत नाहीत. थप्पीची लांबी, रुंदी, उंची किती पोत्यांची, गुणाकार केला की झालं. मीही तसंच केलं. आमच्या सिनियरने शिडी मागवली आणि म्हणाला, वर चढ. थप्पी मधून पोकळ असू शकते हे मला ऑडिटच्या पुस्तकात कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी पोकळ नव्हती, भरलेलीच निघाली. पण तेव्हापासून आकडा दिसला की मी शिडी शोधते.

फ्रांकफुर्टकर
इथे जर्मनीत नियम बरे आहेत. अभ्यासक्रमातच सक्तीची असेल त्या इंटर्नशिपला किमान वेतन लागू नाही, पण स्वतःहून केलेली तीन महिन्यांच्या वर गेली तर किमान वेतन द्यावंच लागतं. त्यामुळे सक्तीच्या इंटर्नला फुकट राबवणारे इथेही भेटतात. भारतातून मास्टर्सला येणारी मुलं बहुतेक आठवड्याला वीस तास विद्यार्थी-कर्मचारी म्हणून काम करतात, त्यातून खर्चही भागतो आणि पुढची नोकरीही पुष्कळदा तिथेच लागते. पण जर्मन भाषा आली पाहिजे. शॉप फ्लोअरवर इंग्रजी कुणी बोलत नाही.

भट्टीवाला
कोल्हापुरात आमची लहान फौंड्री आहे, वडिलांपासूनची. (धागाकर्त्या ताईंची ती ही नव्हे, आधीच सांगतो.) मालकाच्या बाजूने थोडं लांबण लावतो.

आम्ही मुलांना नको का म्हणतो? पंधरा जण एकदम येतात, चार आठवड्यांसाठी. पहिला आठवडा ओळखीत जातो, दुसऱ्यात गरम होतंय म्हणतात, तिसऱ्यात कॉलेजचा फॉर्म काढतात. आमच्या सुपरवायझरला त्यांच्यामागे फिरावं लागतं, कारण इथे वितळलेलं लोखंड चौदाशे अंशांच्या आसपास लाडलमधून (ओतायच्या मोठ्या भांड्यातून) जात असतं. कुणी सेल्फी काढायला मागे सरकला तर? म्हणून बरेच मालक सही करून देतात आणि येऊ नका म्हणतात. दोघांचंही भागतं.

पण एकट्याने आलेला, आणि जानेवारीपासून आठवड्यातून दोन दिवस येणारा असेल तर मी घेतो. असा एक मुलगा होता. मी त्याला मशीनवर लावलंच नाही, रिजेक्शनचं रजिस्टर दिलं हातात. रोज किती नग टाकाऊ निघाले, का निघाले. ब्लो होल (वायूने पडलेली पोकळी), सँड इन्क्लुजन (आत अडकलेली वाळू), कोल्ड शट (नीट न जुळलेला धातू), श्रिंकेज (आकसल्याने पडलेली पोकळी). महिनाअखेरीला टक्केवारी काढायची आणि ग्राहकाला मेल करायची एवढाच आमचा त्या रजिस्टराचा उपयोग. त्याने काय केलं, तर फेटलिंगवाल्या, म्हणजे नग घासून साफ करणाऱ्या मावशींजवळ बसून प्रत्येक नगावरचा हीट नंबर लिहून घेतला आणि कुठला नग किती वाजता ओतलेला ते लावलं. निघालं असं की ब्लो होल सगळ्या आठवड्यावर पसरलेले नव्हते. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशीचे, सकाळच्या पहिल्या तासातले बॉक्स (वाळूचे साचे).

कारण साधं होतं. सुट्टीत हॉपरमधली वाळू सुकायची. सकाळी मुलरवाला (वाळू मळायच्या यंत्रावरचा) हाताच्या अंदाजाने पाणी मारायचा, जरा जास्तच. आम्हाला ओलावा साडेतीन टक्क्यांच्या आसपास लागतो, तेव्हा चारच्या पुढे जात असणार, आणि जादा पाण्याची वाफ झाली की ब्लो होल. आणि वाळूची पहिली चाचणी कधी, तर लॅबवाला आल्यावर, नऊ वाजता. ओतकाम सुरू सातला. आता लॅबवाला त्या दिवशी साडेसहाला येतो. एवढाच बदल. पंचवीस वर्षं फौंड्री चालवणाऱ्या आमच्या फोरमनला हे माहीत नव्हतं असं नाही, त्याने ते कागदावर कधी पाहिलं नव्हतं.

त्या पोराला मी शेवटी पैसे दिले. आधी ठरलं नव्हतं. पण ऊसाचा_फड यांचं वाचून वाटतं, आधीच ठरवायला हवं. निदान बसभाडं आणि जेवण तरी, हे मालकांनी स्वतःहून बोलावं. आम्ही ग्राहकाकडून टूलिंगचे (साच्याच्या साधनांचे) पैसे आगाऊ घेतो, पोरांशी बोलताना मात्र लाजतो.

वारणाकाठची
@भट्टीवाला, खूप आभार, हीट नंबरची गोष्ट दोनदा वाचली. हीट नंबर म्हणजे भट्टीच्या प्रत्येक ओतीचा क्रमांक ना?

आणि मुलगी म्हणून काय बघून घ्यावं? घरच्यांना तेच सांगायचं आहे.

भट्टीवाला
हो, बरोबर. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बायकांनीच द्यावं.

उद्यमनगरी
मी देते. मशीन शॉपला प्रॉडक्शनमध्ये आहे, सुरुवातीला त्या शेडमध्ये मी एकटीच बाई होते. जायच्या आधी एकदा आई किंवा बाबांना घेऊन जा आणि स्वच्छतागृह बघा. ऑफिसमधलं नव्हे, शेडमधलं. कुलूप असेल तर किल्ली कुणाकडे ते विचारा. मला पहिल्या नोकरीत दर वेळी स्टोअरकीपरकडे किल्ली मागावी लागायची, पाणी प्यायचंच सोडलं होतं. जनरल शिफ्ट मागून घ्या. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी लैंगिक छळविरोधी अंतर्गत समिती असणं २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे आणि त्या कायद्यात प्रशिक्षणार्थीही येतात. समितीचा फलक कुठे लावलाय ते बघा. विचारल्यावर ते गोंधळले तर त्यातूनही बरंच कळतं.

कपडे सुतीच. नायलॉन-पॉलिस्टर ठिणगीने वितळून कातडीला चिकटतं. ओढणी नाही, केस बांधून टोपीत. सेफ्टी शूज ते देतात का विचारा, मुलींच्या मापाचे बहुधा नसतात, तेव्हा स्वतःचे घेतलेले बरे.

आणि कामगारांना नावाने किंवा दादा, मामा, मावशी म्हणून हाक मारा. 'वर्कर' म्हणू नका. त्या मुलाला फेटलिंगवाल्या मावशींनी हीट नंबर वाचून दाखवले नसते तर रजिस्टर तसंच राहिलं असतं.

चिंटूचे_बाबा
+१ शेवटच्या परिच्छेदाला.

आयटीत जायचं की नाही हे न ठरलेल्यांनी तर नक्कीच जावं असं माझं मत. आमच्याकडे मेकॅनिकलची कितीतरी मुलं येतात आणि दोन वर्षांनी म्हणतात कोअरलाच (आपल्या मूळ शाखेतच) जायला हवं होतं. तिकडे ऊन आणि धूळ आहे हे सुट्टीतच बघून आलेला मुलगा आमच्याकडे आला तर सुखाने टिकतो, कारण तो बघून आलाय.

विदर्भवादळ
पण एआय शिकायचं असेल तर? फौंड्रीत एआय थोडंच आहे?

भट्टीवाला
रजिस्टर आहे ना. सात वर्षांचं आहे, हाताने लिहिलेलं, वंगणाच्या डागांसकट. कुणी एक्सेलमध्ये भरून दिलं तर एआयचं पुढे बघू.

वारणाकाठची
घरी उद्यमनगरी ताईंची पोस्ट वाचून दाखवली. आई म्हणाली, रविवारी आपण सगळे जाऊन बघून येऊ, वाटेत जोतिबाही होईल. बाबा अजून काही बोलले नाहीत. विम्याचं कुणी सांगेल का? कॉलेजचा असतो की कारखान्याचा?

लोणंदकर
बऱ्याच कॉलेजांचा विद्यार्थी अपघात विमा असतो, फीच्या पावतीवर बघा. पण तो कॉलेजबाहेरच्या प्रशिक्षणाला लागू आहे का हे कार्यालयातून लेखी घ्या. आणि कॉलेजचं पत्र घेतल्याशिवाय शेडमध्ये पाऊल टाकू नका, पत्रावर तारखा असल्या पाहिजेत. काही झालं तर तुम्ही तिथे कशासाठी होतात हे त्या पत्रावरूनच ठरतं.

सुमनताई_६१
सगळं वाचलं, छान चर्चा. माझा भाचा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे इचलकरंजीत. सीए करायचं नाही म्हणतो, पण हिशोबाची आवड आहे. त्याने कुठे जावं?

खतावणी
सुमनताई, एखाद्या कर सल्लागाराच्या ऑफिसात पाठवा. इचलकरंजीत सुताचे, कापडाचे व्यापारी आहेत, जीएसटीचं काम भरपूर असतं. पहिले दोन महिने तो फक्त बिलं लावेल आणि कंटाळेल, लावू द्या. कुठल्या व्यापाऱ्याचं बिल नेहमी उशिरा येतं, कुणाचा जीएसटी नंबर चुकलेला असतो, हे त्यातूनच कळायला लागतं. पैसे थोडे का होईना, ठरवूनच घ्यायला सांगा. आणि फोन २० तारखेनंतर करू दे. ११ ला एक रिटर्न असतं, २० ला दुसरं, त्याआधी कुणी उचलणार नाही.